मोटरहोमचा फायबरग्लास टप पुन्हा पुन्हा गळतोय? तपासणी या क्रमाने करा

टपावर सीलंट मारलं, दोन महिने सगळं कोरडं राहिलं आणि पुढच्या मोठ्या पावसात त्याच कोपऱ्यात पुन्हा डाग उमटला. फायबरग्लास टपाच्या तक्रारी बहुतेक अशाच असतात. यात फायबरग्लासचा दोष क्वचितच असतो. अख्खा पत्रा पाणी आत सोडत नाही. पाणी शिरतं ते त्याला पाडलेल्या भोकांतून आणि त्याच्या कडांतून: व्हेंट, एसी, सांडपाण्याच्या नळाची हवानळी, अँटेना, सोलरची वायर, शिडीचे पाय, पुढचे-मागचे छोटे दिवे, बाजूच्या ॲल्युमिनियम पट्ट्या.

दुसरी अडचण अशी की डाग पडतो तिथे भोक नसतं. फायबरग्लासच्या खाली पातळ प्लायवुड असतं, त्याखाली फोम आणि ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची चौकट. आत शिरलेलं पाणी चौकटीवरून, वायरच्या नळीतून, उतार मिळेल तिकडे सरकतं आणि दोन-तीन मीटर लांब जाऊन ठिबकतं. त्यामुळे डागाच्या बरोबर वर सीलंट थापून काही साधत नाही. उलट पाणी बाहेर पडायची फट चुकून बुजली, तर ते आतच साचून लाकूड कुजवतं.

लक्षणं

- आतल्या छताच्या अस्तरावर तपकिरी कडेचा पिवळट डाग. कड्यात कडं दिसत असेल तर ती जागा अनेकदा भिजून वाळली आहे. गळती जुनी आहे.
- वरच्या कपाटांत कुबट वास, कोपऱ्यात काळी बुरशी.
- बाजूच्या भिंतीला वरच्या कडेजवळ फुगवटा.
- गाडी वळली किंवा ब्रेक लागला की पाणी टपकतं, तेही पाऊस थांबून दिवस झाल्यावर. म्हणजे पोकळीत पाणी साचलेलं आहे.
- टपावर एखादी जागा पायाखाली दबते.
- बाहेरच्या भिंतीवर स्क्रूच्या रेषेतून गंजाचे ओघळ.
- फक्त एसी चालू असतानाच थेंब पडतात.
- पाऊस नसताना, थंडीच्या सकाळी थेंब पडतात.

शेवटची दोन लक्षणं गळतीची वाटतात, पण बहुधा नसतात. भिंतीवरचे पांढरे, खडूसारखे ओघळही गळतीचे नव्हेत. उन्हाने जेलकोटचा, म्हणजे फायबरग्लासवरच्या चकचकीत संरक्षक लेपाचा, वरचा थर भुकटी होतोय, एवढंच ते सांगतात.

टपावर चढण्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवा: पाणी पहिल्यांदा दिसलं तेव्हा गाडी कुठल्या बाजूला कललेली होती, आणि पाऊस सरळ होता की वाऱ्याचा. उभी असताना पुढे कललेल्या गाडीत मागच्या भोकाचं पाणी पुढे येतं. सपाट जागी गाडी उभी केल्यावर डागाची जागा बदलली, तर पाणी दूरवरून येतंय हे तिथेच कळतं.

१. आधी आतून: हे खरंच पावसाचं पाणी आहे का?

खर्च शून्य. डागाजवळची जागा पुसून कोरडी करा. साधारण ३० सेंमी चौरस ॲल्युमिनियम फॉइल छताला लावून चारही कडा टेपने बंद करा आणि २४ तास ठेवा. खोलीकडची बाजू ओली झाली तर ते दव आहे. अस्तराकडची बाजू ओली झाली तर ओल वरून येतेय. अस्तर प्लास्टिकच्या थराचं असेल तर ओल त्यातून झिरपत नाही आणि ही चाचणी काही सांगत नाही. मग पाऊस नसलेल्या चार-पाच सकाळी नुसतं निरीक्षण करा. चौकटीच्या स्क्रूंच्या रांगेत समान अंतरावर थेंब दिसले तर ते नक्की दव: धातूची चौकट बाहेरची थंडी आत आणते.

दवाचं पाणी किती असतं याचा अंदाज चुकतो. १ किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं. शेगडी चालू आणि सगळी व्हेंट बंद, तर ते पाणी छताला लागणारच. इथे उपाय हवा खेळती ठेवण्याचा आहे, सीलंटचा नाही.

२. एसी

आतलं प्लास्टिकचं झाकण काढायला चारेक स्क्रू असतात. वीज मुख्य स्विचवरून बंद करा आणि बॅटरीच्या उजेडात भोकाच्या चारही कडा पाहा. टपाचा पत्रा आणि एसीचा तळ यांच्यामध्ये फोमचं जाड गॅस्केट असतं, आणि आतून येणारे चार लांब बोल्ट ते दाबून धरतात. गाडीच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. गॅस्केट मूळ जाडीच्या सुमारे निम्मं होईपर्यंत दाबलेलं हवं. बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळा. एकच बोल्ट जोर लावून पिळला तर तळ वाकतो आणि समोरची बाजू उचलली जाते. आवळूनही दाब येत नसेल, तर गॅस्केट चपटं झालंय, नवीन घाला. एसी उचलायला दोन माणसं लागतात.

थेंब फक्त एसी चालू असताना पडत असतील तर आधी पाण्याचा निचरा बघा. थंड कॉइलवर जमलेलं पाणी तळातल्या भोकांतून टपावर वाहायला हवं. पानं आणि धूळ यांनी ती भोकं तुंबली की पाणी उलटं आत येतं. वरचं कव्हर काढून तळात हळूहळू १ लिटर पाणी ओता. ते दोन मिनिटांत टपावर वाहत आलं पाहिजे. कव्हरखालच्या कपॅसिटरला आणि वायरिंगला हात लावू नका. कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतो.

आणि एसीच्या भोवती बाहेरून सीलंटची माळ कधीही ओढू नका. निचऱ्याचं पाणी तिथूनच बाहेर पडतं. ही माळ ओढलेल्या गाड्या पाहिल्या की कळतं, गळती थांबवायच्या नादात केवढी गळती घरात आणलीय ते.

३. टप धुऊन गुडघ्यावर बसून बघणं

चढण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत टपावर चालायची परवानगी आहे का ते बघा. नसेल, तर बाजूला शिडी लावून कडेवरून जेवढं दिसतं तेवढंच. परवानगी असली तरी टप कोरडा हवा, बूट मऊ तळव्याचे, आणि वजन पसरायला १२ मिमी प्लायवुडचे साधारण ६० सेंमी रुंद दोन तुकडे. व्हेंटच्या झाकणावर किंवा स्कायलाइटवर हात टेकू नका. उन्हाने ठिसूळ झालेलं प्लास्टिक सरळ फुटतं. खाली एक माणूस असू द्या.

धुवायला भांडी घासायचा सौम्य साबण, मऊ ब्रश, भरपूर पाणी. दाबाच्या फवाऱ्याने धुऊ नका: तो सीलंटच्या कडा उचलतो आणि पाणी थेट पट्ट्यांखाली मारतो. भिंतीही आधी ओल्या ठेवा, नाहीतर खडूचे ओघळ त्यांच्यावर वाळतात.

वाळल्यावर प्रत्येक जोडाजवळ बसा आणि सीलंटच्या कडेखाली नख सरकवून बघा. चांगलं सीलंट रबरासारखं दबतं आणि कड सोडत नाही. वाईट सीलंटच्या तीन खुणा असतात: आडवी भेग, नखाने उचलणारी कड, आणि स्क्रूच्या डोक्यावर टाचणीएवढं भोक. हे भोक सगळ्यात फसवं. सीलंट घट्ट होताना खालची हवा तिथून निघालेली असते, आणि दिसायला माळ अगदी धडधाकट दिसते.

पुढच्या टोकापासून सुरू करा. टपाचा पत्रा आणि समोरचा साचेबंद भाग जिथे जुळतात, त्या आडव्या जोडावर चालत्या गाडीत वाऱ्याचा सगळा मारा येतो. तिथेच वर छोटे दिवे असतात, आणि लोक हमखास विसरतात ते हेच दिवे. त्यांच्या मागे वायरसाठी भोक असतं, गॅस्केट कागदासारखं पातळ, आणि पाऊस समोरून ताशी ८० किमीने येतो. पुढच्या कपाटात ओल आणि टप मात्र ठणठणीत, असं असेल तर दिव्याची काच काढा. आत गंज किंवा हिरवट झालेलं तांबं दिसलं की चोर सापडला. दिव्याच्या वरची आणि दोन्ही बाजूंची कड सील करा. खालची मोकळी ठेवा, म्हणजे आत गेलेला थेंब बाहेर येईल.

पुढे व्हेंट, हवानळ्या (टोपी उचलून नळीभोवतालची जागाही बघा), स्कायलाइट, अँटेना, फ्रिजचं व्हेंट, शिडीचे पाय, मागचा जोड. सोलर पॅनेल असेल तर प्रत्येक पायाचा स्क्रू आणि वायर आत जाते ती डबी. पॅनेल उन्हात असताना वायर सोडवू नका. पॅनेल झाकून मगच.

४. बाजूच्या पट्ट्या

१० मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी तापमान ४० अंशांनी वाढलं की सुमारे ९ मिमी लांबते. खालचं लाकूड तेवढ्यात जेमतेम २ मिमी हलतं. हा फरक दररोज, वर्षानुवर्षं, स्क्रूंच्या भोकांनी सोसायचा असतो. म्हणून स्क्रू सैल होतात, पट्टीखालचा ब्यूटाइल टेप (चिकट, रबरासारखा मऊ सीलिंग टेप) सुकतो आणि फट पडते.

पट्टीच्या खाचेत बसवलेली प्लास्टिकची फीत टोकाकडून अलगद ओढून काढा. ती आखडून आखूड झालेली असेल तर टोकाला एक-दोन स्क्रू उघडेच दिसतील. आतले स्क्रू एकेक बघा. चकचकीत, घट्ट स्क्रू सोडून द्या. तपकिरी, गंजलेला, फिरवल्यावर नुसताच गरगरणारा स्क्रू बाहेर काढा आणि त्याच्या टोकाला काय चिकटलंय ते बघा. कोरडा लाकडाचा भुगा असेल तर ठीक. काळपट, ओला, बोटांत चुरडणारा चिखल असेल तर खालची लाकडी पट्टी कुजायला लागली आहे, आणि तिथे लांब स्क्रू मारून प्रश्न फक्त वर्षभर पुढे ढकलला जाईल.

लाकूड शाबूत असेल तर आधीच्यापेक्षा एका मापाने जाड स्टेनलेस स्क्रू, डोक्याखाली सीलंटचा थेंब, आणि नवीन फीत. फीत ताणून बसवू नका. सैल सोडून टोकाला दोन-तीन सेंमी जास्तच ठेवा, ती आखडणारच आहे.

५. पाण्याची चाचणी, खालून वर

डोळ्यांनी काही सापडलं नाही तर नळी घ्या. धार मंद, आणि सुरुवात भिंतीवरच्या खिडकीपासून. तिथे १० ते १५ मिनिटं पाणी, मग बाजूची पट्टी, मग टपाची कड, शेवटी टपावरची एकेक वस्तू. आत एक जण बॅटरी घेऊन बसेल. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून खाली येतं आणि कुठल्या जोडाने दगा दिला ते कळत नाही. ज्यांची पाळी आली नाही त्या वस्तू प्लास्टिकने झाका. घाई नको; प्लायवुडमधून वाट काढून थेंब दिसायला वेळ लागतो.

६. भेगा

जेलकोट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ असतो, आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा बऱ्याचदा फक्त त्यातच असतात. भेगेवर मार्करची शाई फासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. शाई पूर्ण निघाली तर ओरखडा. रेघ राहिली तर भेग जेलकोटच्या आरपार आहे. ती दुरुस्त करा. एसी किंवा हॅचच्या चौकोनाच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग मात्र वेगळी: तिथे पत्र्यावर ताण येतोय, आणि नुसती भरली तर वर्षभरात तीच पुन्हा उघडेल.

७. ठोकून आणि दाबून

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टप १५ सेंमीच्या अंतराने हलके ठोका. टणक आवाज चांगला. डबडब आवाज आला तर पत्रा प्लायवुडपासून सुटलाय. तळहाताने दाबून बघा, खाली-वर होतोय का. ओलावामापक असेल तर आतल्या बाजूने वापरा: लाकडात १५ टक्क्यांखाली कोरडं, १५ ते २० संशयास्पद, २० च्या वर ओलं. सुई नसलेला मापक धातूच्या चौकटीवर आणि फॉइलवर खोटं सांगतो, म्हणून एकच आकडा बघून घाबरू नका. माहीत असलेल्या कोरड्या जागेशी तुलना करा.

सीलंट कसं लावायचं, आणि कुठलं नाही

आडव्या टपावर आपोआप पसरणारं, फायबरग्लाससाठी चालणारं टपाचं सीलंट; उभ्या जागी न ओघळणारं. डायकॉर या कंपनीची दोन्ही प्रकारची मिळतात. जुनं सीलंट घट्ट असेल तर सगळं खरवडायची गरज नाही. सुटलेलं तेवढं प्लास्टिकच्या पात्याने काढा, बाकी स्वच्छ करून वर नवीन थर द्या. लोखंडी पटाशी जेलकोट कापते.

साधं सिलिकॉन नको. त्यावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा धड नाही. आधीच्या कुणी लावलेलं असेल तर ते पूर्ण काढल्याशिवाय दुरुस्ती टिकणार नाही, आणि टपाच्या कामात सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. खरवडा, सिलिकॉन काढायचं द्रावण लावा, पुन्हा खरवडा.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, दर वेळी नवीन फडक्याने. प्लास्टिकच्या झाकणांना आणि स्कायलाइटला कुठलंही द्रावण लावू नका, फक्त साबणाचं पाणी. ॲसिटोन तर लगेच डाग पाडतं. ३५ सेंमीच्या नेहमीच्या व्हेंटच्या चौकटीभोवती २५ मिमी रुंद आणि ४-५ मिमी जाड माळ ओढायला ३०० मिलिलिटरच्या ट्यूबमधलं सुमारे दोन-तृतीयांश लागतं. स्क्रूची डोकी पूर्ण बुडाली पाहिजेत. हवा १० अंशांच्या वर आणि २४ तास पावसाची शक्यता नको. वरची साय लवकर धरते, पण आतून घट्ट व्हायला कित्येक दिवस जातात.

व्हेंटची चौकटच हलत असेल तर वरून थापणं सोडा. चौकट उचला, खालचा जुना ब्यूटाइल टेप काढा, ३ मिमी जाडीचा नवा लावा, स्क्रू समोरासमोर आवळा, बाहेर आलेला टेप दुसऱ्या दिवशी कापा आणि मग सीलंट. वरची माळ ही दुसरी भिंत. खरी अडवणूक टेप करतो.

लांब सरळ जोडांवर इटर्नाबाँडसारखा चिकट टेप उत्तम चालतो, पण रोलरने जोर लावून दाबला तरच. एकदा बसला की काढणं जवळपास अशक्य असतं. म्हणून पुढे उघडायला लागेल अशा वस्तूवर तो लावू नका.

इथे थांबा आणि कारागीर बोलवा

- पुढच्या कडेला पत्रा सुटलाय किंवा चालत्या गाडीत टप फुगतो. वारा आत शिरला की पूर्ण पत्रा उपटू शकतो. गाडी महामार्गावर काढू नका. कड आवळून बांधून जवळच्या कार्यशाळेपर्यंत हळू न्या.
- दबणारी जागा तळहातापेक्षा मोठी आहे, किंवा एसीच्या खाली आहे. एसी ३५ ते ५० किलोचा असतो, आणि त्याचं वजन कुजलेल्या लाकडावर उभं आहे.
- भेगेतून काचेचे धागे दिसतात, किंवा कोपऱ्यातली भेग वाढतेय. इथे मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि रेझिनचे थर द्यावे लागतात, आणि त्याआधी ताणाचं कारण शोधावं लागतं.
- पाणी दिव्यांच्या वायरिंगपर्यंत किंवा विजेच्या पेटीपर्यंत पोहोचलंय. मुख्य वीज तोडा.
- गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या धुराड्याभोवती काम आहे.
- दोनदा नीट दुरुस्ती करूनही पाणी येतंय.

शेवटच्या बाबतीत कारागिराला दाबाची चाचणी करायला सांगा. एका व्हेंटवर पंखा बसवून गाडीत किंचित जास्त हवा भरतात आणि बाहेरून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारतात. जिथून हवा निघते तिथे बुडबुडे येतात. अंदाजाने चार ट्यूब थापण्यापेक्षा ही चाचणी स्वस्त पडते.

नंतरची देखभाल

दर सहा महिन्यांनी धुणं आणि नखाची चाचणी. गाडी झाडाखाली उभी असेल तर दर तीन महिन्यांनी. तळहात टपावर फिरवून पांढरा झाला तर पॉलिश आणि वॅक्स करा, वर्षातून एकदा-दोनदा. जेलकोट पातळ असल्याने जाड दाण्याचं कंपाउंड यंत्राने घासू नका. वॅक्स सीलंट पूर्ण घट्ट झाल्यावरच, आणि जोडांपासून थोडं दूर, कारण पुढच्या दुरुस्तीला वॅक्सवर काही चिकटत नाही. वॅक्स केलेला टप ओला असताना साबणासारखा निसरडा होतो. ताडपत्री टाकायची असेल तर सैल नको. वाऱ्याने फडफडून ती एका हंगामात जेलकोट घासून काढते.

प्रत्येक जोडाचा फोटो तारखेसह ठेवा, दर वेळी त्याच कोनातून. सीलंटची कड महिन्याला केसाएवढी उचलत असेल तर ती डोळ्याला दिसत नाही, पण सहा महिन्यांचे दोन फोटो शेजारी ठेवले की लगेच दिसते.